आप्पांसाठी भाजलेलं चीज

“या जाळीला कोणी हात लावायचा नाही. मीच धुणार,” पप्पा म्हणाले आणि विहिरीजवळच्या दगडावर बसून त्यांनी ती कोरी जाळी राखेने घासायला घेतली.

जाळीवर घासण्यासारखं काहीच नव्हतं. आदल्या दिवशीच ते ती बाजारातून घेऊन आले होते. सोबत एक नवा चिमटा होता आणि कोळशाची छोटी गोणी. घरची जुनी शेगडी, जिच्यावर सणासुदीला मासळी आणि मटण भाजलं जायचं, ती त्यांनी सकाळीच उचलून वाडीच्या टोकाला, केळींच्या पलीकडे नेऊन ठेवली होती. चिकूच्या झाडाखाली नव्या विटा मांडून त्यांनी वेगळी चूल रचली होती.

पप्पा म्हणजे माझे सासरे, इनास लोपीस. उभी हयात त्यांनी मालवाहू जहाजांवर खानसाम्याचं काम केलं आणि निवृत्त होऊन वसईजवळ गिरीजला, आपल्या वाडीत येऊन राहिले. बोलायला शांत. कुठल्याही कामाला लागले की ते संपेपर्यंत मान वर करत नसत.

“पप्पा, आप्पा काही खाणार नाहीत,” मी म्हणाले. “पाणीसुद्धा स्वतःचं घेऊन येतील.”

“आणू देत.”

“मग एवढा खटाटोप कशाला?”

त्यांनी जाळीवर पाणी ओतलं. “हे बघ त्रिशला, आपल्या स्वयंपाकघरात काय शिजतं, कशात शिजतं, हे पाहुण्याला दिसत नाही. त्याला शंका येणारच. मी त्याच्या जागी असतो तर मलाही आली असती. अंगणात सगळं डोळ्यांसमोर असतं. आणि जेवायला बसा म्हटलं की ते नाही म्हणतील. पानावर बसणं मोठी गोष्ट आहे. पण जेवणाआधीचा एक तुकडा, उभ्या उभ्या, विस्तवावरून सरळ हातात. त्याला नाही म्हणायला माणसाला जरा जड जातं.”

आप्पा म्हणजे माझे वडील, बाबगोंडा मगदूम. आमचं गाव जयसिंगपूरजवळ. घर जैन, आणि आप्पा त्यातही कडक. कांदा-लसूण नाही, कंदमूळ नाही, सूर्य मावळला की तोंडात पाण्याचा थेंब नाही. आयुष्यभर त्यांनी दारात म्हशी पाळल्या आणि गावच्या दूध संस्थेचं काम पाहिलं. मी पुण्याला शिकायला गेले, तिथे मला मेल्विन भेटला आणि आम्ही नोंदणी पद्धतीने लग्न केलं. आप्पा आले नाहीत. त्यांनी मला शिव्या दिल्या नाहीत, शाप दिले नाहीत. फक्त बोलणं बंद केलं. तीन वर्षं मी फोन केला की आई उचलायची आणि दबक्या आवाजात दोन वाक्यं बोलून ठेवून द्यायची. माझी धाकटी बहीण पद्मजा कधीतरी कॉलेजातून फोन करायची, तेवढंच.

आणि आदल्या आठवड्यात अचानक आप्पांचा फोन आला होता. चुलतकाकांच्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी ते मुंबईला येणार होते. “शनिवारी दुपारी येऊन जातो. तुझ्याशी बोलायचं आहे. जेवायचं काही करू नका,” एवढंच ते म्हणाले.

मी हे घरात सांगितलं तेव्हा मेल्विन एकदम खूश झाला. पप्पांनी मात्र विचारलं, “काय बोलायचं आहे म्हणाले?” मला माहीत नव्हतं. त्या रात्रीपासून पप्पांनी घरात मासळी आणू दिली नाही.

आप्पा आले ते तीनच्या सुमारास. मेल्विन त्यांना स्टेशनवरून रिक्षाने घेऊन आला. पांढरं धोतर, पांढरा सदरा, डोक्यावर टोपी, खांद्याला कापडी पिशवी. तीन वर्षांत ते बरेच वाळले होते. मी वाकून नमस्कार केला, त्यांनी डोक्यावर हात ठेवला, पण लगेच काढून घेतला.

“आत या ना, मगदूमसाहेब,” पप्पा म्हणाले.

“इथंच बरं आहे. वारा आहे.”

चिकूखाली खुर्च्या मांडल्या होत्या. आप्पा खुर्चीच्या कडेवर बसले. पिशवीतून बाटली काढून दोन घोट पाणी प्यायले. माझ्या सासूबाई, रेजिना मम्मी, पदर सावरत दारात उभ्या होत्या. त्यांनी हात जोडले, आप्पांनीही जोडले. मेल्विनने काकांच्या डोळ्याची चौकशी केली. आप्पांनी ऑपरेशन चांगलं झाल्याचं सांगितलं.

पप्पा चुलीपाशी गेले. निखारे लाल झाले होते. त्यांनी जाळी ठेवली, ती तापेपर्यंत हातावर हात ठेवून बसले आणि मग बशीतून पांढऱ्या जाड वड्या एकेक करून जाळीवर मांडल्या. बाजूला ढोबळ्या मिरचीचे तुकडे ठेवले.

आप्पा बघत होते. त्यांची नजर चिमट्यावर गेली, त्याला दुकानाची चिठ्ठी अजून चिकटलेली होती. मग जाळीवर. मग विटांवर. सगळं नवं आहे हे त्यांना कळलं, हे मला त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं.

“पनीर आहे?” त्यांनी विचारलं.

“पनीरच्याच जातीतलं. चीज आहे,” पप्पा म्हणाले. “हलूमी म्हणतात. तिकडे सायप्रस बेटावर करतात. आमच्या बोटीवर तिकडचे लोक असायचे, तेव्हा मी शिकलो भाजायला. एक जुना सोबती सुट्टीवर आला, त्याला आणायला सांगितलं होतं.”

“विस्तवावर वितळत नाही?”

“नाही. तीच तर गंमत आहे. बघा.”

आप्पा खुर्चीवरून उठले आणि चुलीजवळ आले. दुधाची गोष्ट निघाली की त्यांना राहवत नसे. वड्यांच्या कडा तांबूस होत होत्या, पण आकार जसाच्या तसा होता. पप्पांनी एक वडी चिमट्याने उलटली. खालच्या बाजूवर जाळीचे काळसर पट्टे उमटले होते. वास खरपूस, थोडा खारट, गरम सायीसारखा.

“चांगलं दूध असणार,” आप्पा म्हणाले.

“मेंढीचं आणि शेळीचं. फॅट भरपूर.”

“तरीच.”

त्यांच्यात झालेलं ते पहिलं खरं बोलणं. मी मम्मींकडे पाहिलं. त्यांनी पदर सोडून दाराची चौकट धरली होती.

पप्पांनी केळीच्या पानाचा तुकडा घेतला, त्यावर एक वडी ठेवली, वर लिंबू पिळलं आणि दोन्ही हातांनी आप्पांसमोर धरला. आप्पांनी क्षणभर पानाकडे पाहिलं. मग ते घेतलं.

मला वाटलं, झालं. तीन वर्षांचं ओझं त्या पानावर ठेवलंय आणि ते आता उचललं जाणार. त्यांनी वडीचा कोपरा मोडला, तोंडाशी नेता नेता थांबले आणि सहज, जसं गोठ्यात कुणाला विचारावं तसं विचारलं, “हे दूध फाडतात कशानं? लिंबानं?”

पप्पांचा हात चिमट्यावर तसाच राहिला.

“हो, लिंबानंच,” मेल्विन पटकन म्हणाला. “म्हणजे तसंच काहीतरी. खा ना आप्पा, गार होईल.”

आप्पांनी मान डोलावली. तुकडा ओठांपर्यंत गेला होता.

“नाही,” पप्पा म्हणाले. “लिंबाने नाही. थांबा, मगदूमसाहेब. ते खाऊ नका.”

आप्पांनी हात खाली घेतला.

“हे चीज करायला वासराच्या पोटातलं विरजण लागतं,” पप्पा सावकाश म्हणाले. “कोवळ्या वासराच्या जठरातून काढतात. दूध त्याने थिजतं. इतकी वर्षं मी हे हाताळलं, पण आमच्या लोकांना त्याचं काही नसतं, त्यामुळे माझ्या डोक्यातच आलं नाही. मांस नाही, दुधाचं आहे, म्हणजे तुम्हाला चालेल, एवढाच विचार मी केला. तुम्ही विचारलंत तेव्हा आठवलं. चूक माझी आहे. मुलगा घाबरून बोलला, त्याला माहीत नाही.”

निखाऱ्यावर एक वडी चरचरत होती. मेल्विनचं तोंड लाल झालं होतं, तो जमिनीकडे बघत होता. मी आप्पांकडे बघू शकत नव्हते. त्यांच्या ओठांपर्यंत ते गेलं होतं. आता ते पिशवी उचलतील आणि निघून जातील, पुन्हा कधी यायचे नाहीत, एवढंच माझ्या मनात येत होतं. पप्पा गप्प बसले असते तर जगात कुणालाही कळलं नसतं.

आप्पांनी पान अलगद विटेवर ठेवलं. विहिरीपाशी गेले. बादलीतलं पाणी घेऊन हात धुतले, पुन्हा धुतले, पंच्याला पुसले. मग तिथेच पाठमोरे उभे राहिले.

वळले तेव्हा त्यांनी पप्पांना विचारलं, “मघाशी येताना रस्त्याला गोठा लागला. कुणाचा आहे?”

पप्पांना प्रश्न कळायला वेळ लागला. “गोठा? शेजारच्या पास्कोलचा. म्हशी आहेत त्याच्या.”

“आता धार काढायची वेळ झाली असेल. दूध मिळेल?”

“मिळेल की.”

“चला मग. आपण बघून घेऊ. लिंबं आहेत का घरात?”

“झाडाला आहेत,” मम्मी दारातून म्हणाल्या. आप्पा आल्यापासूनचे त्यांचे ते पहिले शब्द.

दोघे म्हातारे वाडीच्या वाटेने पुढे गेले, एक धोतरात, एक हाफ पँटमध्ये. मी आणि मेल्विन मागे उभे. तो हळूच म्हणाला, “मी खोटं बोललो, त्रिशला.” मी त्याचा हात धरला. दुसरं काय करणार होते.

ते परत आले तेव्हा आप्पांच्या हातात दुधाची किटली होती आणि ते पप्पांना म्हशीच्या कासेबद्दल काहीतरी समजावून सांगत होते. मम्मींनी तोपर्यंत माळ्यावरून एक मोठं स्टीलचं पातेलं काढलं होतं. कागदात गुंडाळलेलं, कधीच न वापरलेलं.

“मेल्विनच्या लग्नाच्या जेवणासाठी घेतलं होतं,” त्या आप्पांना म्हणाल्या. “जेवण काही झालं नाही. तसंच राहिलं.”

आप्पांनी पातेलं हातात घेतलं आणि आतून बोट फिरवून पाहिलं. “जड आहे. चांगलं आहे,” म्हणाले, आणि ते चुलीवर ठेवलं.

दूध उतू जायच्या बेताला आलं तसा त्यांनी विस्तव ओढला. लिंबाचा रस पप्पा घालत होते, आप्पा ढवळत होते. “हळू. एकदम नको. एवढं बास,” असं त्यांचं चाललं होतं. दूध फाटलं, हिरवट पाणी सुटलं. गाळायला फडकं हवं होतं. मी घरातलं आणायला वळले तर आप्पांनी पिशवीतून आपला दुसरा पंचा काढला, धुतलेला, घडीचा. त्यात सगळं ओतलं आणि पुरचुंडी बांधली. ती गरम होती, एकट्याला पिळता येईना.

“धर रे,” ते मेल्विनला म्हणाले. “ते टोक घट्ट धर. हात भाजेल जरा.”

मेल्विन पुढे झाला. दोघांनी दोन टोकं धरून पंचा पिळला. पाणी धारेने खाली पडत राहिलं. मेल्विनचे हात लाल झाले तरी त्याने सोडलं नाही. “बास,” आप्पा म्हणाले. मग त्याच्याकडे न बघता, पंच्याची गाठ मारता मारता म्हणाले, “माझी भीती वाटली होय तुला?”

“हो,” मेल्विन म्हणाला.

“वाटणारच. मीही काही सोपा नाही.”

पुरचुंडी दगडाखाली दाबून ठेवली. आता थांबण्याखेरीज काही नव्हतं. आप्पांना खरं तर चारनंतर लगेच निघायचं होतं. ते आकाशाकडे बघत होते, पण आता सूर्याची काळजी त्यांना वेगळ्याच कारणाने होती. मावळायच्या आत पनीर बसलं पाहिजे, भाजलं पाहिजे, खाल्लं पाहिजे. नाहीतर सगळं तसंच राहणार. पप्पाही आकाशाकडे बघत होते. अधूनमधून उठून दगड किंचित दाबत आणि पुन्हा येऊन बसत.

त्या वेळात ते काय काय बोलले. पप्पांनी वादळात भांडी दोरीने बांधून स्वयंपाक कसा करायचे ते सांगितलं. आप्पांनी महापुरात म्हशी शाळेच्या वर्गात नेऊन कशा बांधल्या होत्या ते सांगितलं. ही गोष्ट मी लहानपणापासून ऐकलेली, पण त्या दिवशी ते ती सांगताना हसले, आणि मी उठून उगाचच पाणी आणायला आत गेले. स्वयंपाकघरात मम्मी डोळे पुसत उभ्या होत्या.

ऊन केळींच्या शेंड्यांवर गेलं तेव्हा आप्पांनी दगड काढला. पनीर घट्ट बसलं होतं. पप्पांनी जाळी पुन्हा राखेने घासली, कारण तिच्यावर ते दुसरं चीज भाजलं होतं. घासून, धुऊन त्यांनी ती आप्पांना दाखवली. “ही चालेल का?”

आप्पांनी जाळी हातात घेतली आणि निखाऱ्यांवर उलटी-सुलटी धरून तापवली. “चालेल,” म्हणाले.

वड्या कापल्या, मीठ आणि मिरपूड लावली. जाळीवर ठेवल्या तशी आप्पांनी एक उलटायची घाई केली. वडी जाळीला चिकटली.

“अंहं,” पप्पा म्हणाले. “ओढू नका. थांबा जरा. भाजली की ती आपली आपण सुटते.”

आप्पा थांबले. खरंच सुटली. उलटली तेव्हा तिच्यावर तसेच काळसर पट्टे होते. सूर्य अजून होता. केशरी, अगदी खाली, पण होता. आप्पांनी वडी पानावर घेतली, तोंडात घातली. सावकाश चावली.

“मीठ कमी पडलं,” ते म्हणाले.

“पुढच्या वेळी मुरवून ठेवू,” पप्पा म्हणाले.

“हं.”

त्यांनी आणखी दोन वड्या खाल्ल्या. मग बाटलीतलं पाणी प्यायले, आणि सूर्य गेला.

मी त्यांना रिक्षापर्यंत सोडायला गेले. वाटेत मी विचारलं, “आप्पा, तुम्हाला माझ्याशी काहीतरी बोलायचं होतं ना?”

ते चालत राहिले. “होतं,” म्हणाले. “आता राहू दे.” रिक्षात बसल्यावर त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. या वेळी लगेच काढला नाही.

त्यांना काय बोलायचं होतं ते मला वर्षभराने कळलं. पद्मजाचं लग्न ठरलं होतं, इचलकरंजीच्या घरी. आप्पांनी स्वतः फोन करून सांगितलं की सगळ्यांनी यायचं, सासू-सासऱ्यांना घेऊन. हळदीच्या सकाळी मी पद्मजाच्या हातांना हळद लावत होते. खोलीत आम्ही दोघीच होतो.

“ताई, तुला एक सांगू?” ती म्हणाली. “गेल्या वर्षी आप्पा तुझ्याकडे आले होते ना, तेव्हा माझं सांगलीचं स्थळ जवळजवळ पक्कं झालं होतं. आप्पांनी त्या लोकांना सांगितलं होतं की मला एकच मुलगी आहे.”

माझा हात थांबला.

“तुला तेच सांगायला आले होते. की आता घरी येऊ नको, फोन करू नको, लग्नालाही नको. कायमचंच. आई दोन दिवस जेवली नव्हती. आणि तिकडून निघाले ते घरी आलेच नाहीत. सकाळच्या गाडीनं उतरले ते सरळ सांगलीला, त्या लोकांच्या दारात. स्थळ मामानंच आणलेलं, तोही होता तिथं, त्यानं नंतर सगळं सांगितलं. आप्पा म्हणाले, मी तुमच्याशी खोटं बोललो, मला दोन मुली आहेत, थोरलीनं ख्रिस्ती मुलाशी लग्न केलंय.”

“मग?”

“मग काय. ते म्हणाले, आत्ताच कशाला सांगता, नसतं सांगितलं तर आम्हाला कुठं कळणार होतं. तर आप्पा म्हणाले, काल एका माणसानं माझ्या तोंडाशी आलेला घास थांबवला. तो गप्प राहिला असता तर मलाही कळलं नसतं. त्याला माझ्यापासून लपवता आलं असतं, त्यानं लपवलं नाही. मग मी तुमच्यापासून कसं लपवू?”

“आणि स्थळ मोडलं.”

“मोडलं. मी चार दिवस रडले. पण बरंच झालं म्हण. हे इचलकरंजीचे लोक पहिल्या भेटीला आले, तेव्हा आप्पांनी पाणी द्यायच्या आधी तुझं सांगून टाकलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि मग पाणी प्यायले.” ती हसली. मग गंभीर झाली. “पण ताई, सांगलीच्या लोकांनी शेवटी विचारलं होतं, कोण माणूस तो? आप्पा म्हणाले, वसईला असतात, लोपीस म्हणून. त्या घरी माझी थोरली दिलेली आहे.”

मी हळदीची वाटी खाली ठेवली.

“दिलेली आहे, असं म्हणाले,” पद्मजा म्हणाली. “मामानं मला दोनदा सांगितलं. दिलेली आहे.”